शरण आलेल्यांची नावे

आमच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी विडे करण्याचे काम अनेक वर्षे माझ्याकडे आहे. घरातल्या बायका फराळात आणि रांगोळीत गुंतलेल्या असतात, मुले फटाक्यांपाशी असतात, आणि मी एका कोपऱ्यात पाने पुसून, चुना लावून, त्रिकोणी घडी घालून तिला लवंग टोचत बसतो. लवंग टोचताना मला दर वर्षी आजीची आठवण होते. ती सांगायची की तिच्या लहानपणी एक दिवाळी अशी आली, की तिच्या वडिलांनी घरात लवंग आणूच दिली नाही. विडे काडीने टोचले. का, तर काँग्रेसने झांझिबारच्या लवंगेवर बहिष्कार पुकारला होता. ते साल १९३७. तेथील सरकारने लवंगेच्या व्यापाराचे असे काही कायदे केले होते, की पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहिलेल्या हिंदी व्यापाऱ्यांचे त्यातून उच्चाटनच व्हावे. १९३८ साली तडजोड झाली आणि लवंग आमच्या विड्यात परत आली. झांझिबार कोठे आहे, हे आजीला अखेरपर्यंत ठाऊक नव्हते. पण त्या नावातला ‘झ’ ती मोठ्या ठसक्याने म्हणे.

मी नाशिकच्या एका शाळेत मास्तर आहे. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर. चार-दोन कादंबऱ्या लिहिल्या आहेत. कादंबरीत मला सर्वांत कठीण वाटते ते पात्रांना नावे देणे. कथानक कसेही सुचते, नाव सुचत नाही. शाळेत जाताना मी रोज शरणपूर रोडवरून सायकल मारतो. इतकी वर्षे जातो, पण शरणपूर हे नाव कशावरून पडले, असा प्रश्न माझ्या मनात कधी आला नव्हता. शहरातल्या नावांचे असेच होते. रोज तोंडात असतात म्हणून ती ऐकू येत नाहीत.

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुटीत झांझिबारला जाण्याचा योग आला. माझा एक जुना विद्यार्थी दार-एस-सलामला नोकरीस आहे. “सर, तिकिटाचं मी बघतो, तुम्ही फक्त या,” असा त्याचा दोन वर्षे लकडा होता. अखेर गेलो. दार-एस-सलामहून बोटीने दोनएक तासांत उंगुजा बेट येते. झांझिबार म्हणून आपण ज्याला ओळखतो ते मुख्यतः हेच बेट. बंदराच्या जुन्या शहरात, ज्याला तेथे दगडी शहर म्हणतात, एका जुन्या घरात आमची उतरण्याची सोय होती. खोली लांबच लांब, पण रुंदीला अगदी बेताची. आगगाडीच्या डब्यात झोपल्यासारखे वाटले. छताला जवळ जवळ टाकलेले गोल वासे दिसत होते. “इथल्या सगळ्या खोल्या अशाच अरुंद असतात सर,” माझा विद्यार्थी म्हणाला. का, ते त्यालाही सांगता येईना. मी मनात म्हटले, घर बांधणाराने पैसे वाचवले असतील. आणि झोपी गेलो.

दुसऱ्या दिवशी आम्ही जंगल पाहायला निघालो. खरे सांगायचे तर माझे मन त्यात नव्हते. मी आलो होतो इतिहास पाहायला: सुलतानांचे वाडे, गुलामांचा बाजार जेथे भरे ती जागा, हिंदी व्यापाऱ्यांच्या पेढ्या. जंगल आणि माकडे काय, आमच्या सप्तशृंगीच्या गडावरही आहेत. पण विद्यार्थ्याने सर्व ठरवून ठेवले होते, तेव्हा त्याचे मन मोडवेना. वाटेत मी बाजारातून पिकलेल्या केळ्यांचा एक फणा मात्र आठवणीने घेतला. माकडांना भेटायला रिकाम्या हाताने जाणे बरे दिसत नाही.

शहरापासून जोझानीचे जंगल सुमारे पस्तीस किलोमीटरवर आहे. वाटेत लोकांच्या बोलण्यात ‘दुका’, ‘गारी’, ‘लाकी’, ‘चपाती’ असे शब्द कानावर पडत आणि आपण फार लांब आलेलो नाही, असे वाटे. दुकान, गाडी, लाख आणि चपाती हे सर्व आपल्याकडच्या गलबतांतून वाऱ्यावर बसून तेथे पोचले. नोव्हेंबरच्या सुमारास ईशान्येचा वारा सुरू झाला, की अरबस्तानच्या आणि हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची गलबते आफ्रिकेकडे निघत. पावसाळ्याच्या तोंडी वारा फिरला, की परतत. पहिल्या वाऱ्याला तेथे ‘कास्काझी’ म्हणतात, दुसऱ्याला ‘कुसी’. ज्या वाऱ्याने आपल्या शेतात पाऊस पडतो, त्याच वाऱ्याने झांझिबारची लवंग आपल्या विड्यात येई.

जंगलाच्या दारावर एक वाटाड्या आमच्याबरोबर दिला. पन्नाशीचा, शिडशिडीत, अतिशय शांत माणूस. जवळच्याच गावचा. तो स्वाहिलीत बोले आणि माझा विद्यार्थी मला मराठीत सांगे. माझ्या हातातील केळ्यांकडे पाहून तो प्रथम हसला आणि मग त्याने जे सांगितले ते ऐकून मी थोडा ओशाळलो.

“ती केळी पिशवीतच ठेवा म्हणतो, सर,” विद्यार्थी म्हणाला. “इथली लाल माकडं पिकलं फळ खात नाहीत. त्यांना ते पचत नाही.”

आणि तसेच आहे. या वानरांचे पोट गाईसारखे कप्प्याकप्प्यांचे असते. पाला, कोवळे कोंब आणि कच्ची फळे त्यात मुरतात आणि पचतात. पिकल्या फळातली साखर त्यात गेली, की पोट आंबते. आम्ही मात्र समजतो, की आपल्याला जे गोड ते साऱ्या जगाला गोड.

फार चालावेही लागले नाही. जंगलाच्या कडेला, गावकऱ्यांच्या बागांना लागून, एका बदामाच्या झाडावर ती होती. बदामाचे म्हणजे आपल्या शाळांच्या अंगणात असते तेच, थाळ्याएवढ्या पानांचे झाड. आंब्याप्रमाणेच तेही आशियाकडून तेथे आलेले. पंधरा-वीस वानरे त्यावर बसून कोवळी पाने खात होती. पाठ विटकरी तांबडी, खांदे आणि हात काळे, पोट पांढरे, आणि काळ्या तोंडाभोवती पांढऱ्या केसांचा असा पिंजारलेला झुबका, की रात्रभर कादंबरी लिहून सकाळी आरशात पाहणाऱ्या लेखकाची आठवण व्हावी. आपल्याकडची काळ्या तोंडाची वानरे याच मोठ्या कुळातली. पण यांच्या हाताला अंगठा नसल्यातच जमा. चार लांब बोटांनीच सारा कारभार. म्हणून युरोपच्या पंडितांनी या जातीला जे नाव दिले, त्या ग्रीक शब्दाचा अर्थच ‘छाटलेला’ असा आहे.

एक मादी पिलाला पोटाशी धरून आमच्यापासून सात-आठ हातांवर खाली उतरली. तिने आमच्याकडे पाहिले आणि आम्ही काही विशेष नाही, अशा अर्थाने तोंड फिरवले. सप्तशृंगीची माकडे पिशवीवर झडप घालतात; त्यांना आपण तसे शिकवले आहे. येथे कोणी कोणाला काही दिले नव्हते, म्हणून कोणी कोणाकडून काही मागतही नव्हते. “हात लावू नका, हसून दात दाखवू नका, आणि वाट अडवू नका,” वाटाड्या म्हणाला. वर्गात शिरताना मुलांना सांगावे तसे त्याने ते सांगितले, आणि मी ते निमूटपणे ऐकले.

मग त्याने या वानरांची एक गंमत सांगितली. बदामाच्या आणि आंब्याच्या पाल्यात काही कडवट विषारी अंश असतो. तो पाला भरपूर खायला मिळतो, पण बाधतो. तेव्हा ही वानरे गावकऱ्यांच्या विझलेल्या भट्ट्यांतून कोळशाचे तुकडे उचलून नेतात आणि खातात. कोळसा ते विष शोषून घेतो. पोट बिघडले की आपल्याकडे औषध म्हणून कोळशाच्या गोळ्या देतात, तोच हा उपाय. १९९७ साली संशोधकांनी यावर सविस्तर निबंध लिहिला. आशियातून माणसाने झाड आणले, आफ्रिकेच्या वानराने ते आपले म्हटले, आणि त्यावरचा उतारा माणसाच्याच राखेत शोधला. इतिहास पाहायला मी वाड्यांकडे जाणार होतो. तो येथे झाडावर बसून पाला खात होता.

“यांचं नाव काय?” मी विचारले.

“गावचं नाव ‘किमा पुंजू’,” वाटाड्या म्हणाला. “म्हणजे विषारी माकड.” जुने लोक म्हणत, हे माकड ज्या झाडावर बसते ते झाड मरते, ज्या शेतात शिरते त्या शेताचे पीक जाते. “आणि पुस्तकातलं नाव किर्क.”

या नावापाशी थोडे थांबले पाहिजे. जॉन किर्क हा डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. आफ्रिकेत फिरलेल्या प्रसिद्ध लिव्हिंग्स्टनचा तो झांबेझी नदीवरील सफरीतला सोबती. १८६६ साली तो झांझिबारच्या इंग्रज वकिलातीत डॉक्टर म्हणून आला आणि पुढे तेथील वकीलच झाला. १८६८ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील जॉन एडवर्ड ग्रे याने या तांबड्या वानराचे शास्त्रीय वर्णन केले आणि त्याला किर्कचे नाव दिले. हिमयुग संपताना समुद्र चढला आणि हे बेट आफ्रिकेच्या भूमीपासून तुटले, त्याला सुमारे दहा हजार वर्षे झाली. तेव्हापासून हे वानर येथे एकटे पडलेले. जगात दुसरीकडे कोठेही ते मूळचे नाही. दहा हजार वर्षांच्या रहिवाशाला दोन वर्षांपूर्वी आलेल्या पाहुण्याचे नाव मिळाले!

किर्कविषयी वाईट बोलण्याचा माझा हेतू नाही. त्याच्या हातून एक मोठे काम झाले, आणि त्याचा धागा आपल्या मुंबईशी जुळलेला आहे. त्या काळी झांझिबार हा पूर्व आफ्रिकेतील गुलामांचा सर्वांत मोठा बाजार होता. ओमानच्या सय्यद सैद सुलतानाने आपली राजधानी मस्कतहून येथे आणली आणि बेटाच्या पश्चिमेकडील सुपीक जमिनीत लवंगेच्या बागा उठवल्या. त्या बागांत राबायला आफ्रिकेच्या अंतर्भागातून माणसे पकडून आणली जात. आणि त्याच बागांसाठी जंगले तोडली गेली, तसे हे वानर दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या प्रवाळाच्या खडकाळ, निकस भागात रेटले गेले. विड्यावरची ती एवढीशी लवंग. पण तिने माणसाला बेटावर ओढून आणले आणि वानराला रानाबाहेर घालवले.

१८७३ च्या जानेवारीत इंग्रज सरकारने हा व्यापार थांबवण्यासाठी सर बार्टल फ्रियर यांना झांझिबारला धाडले. हे आपले पूर्वीचे मुंबईचे गव्हर्नर. यांच्याच कारकिर्दीत मुंबईच्या कोटाचे तट पाडले गेले. समोर सुलतान बर्गाश. तोही मुंबईचा जाणकार. भावाविरुद्ध बंड केल्याबद्दल १८५९ मध्ये त्याला हद्दपार करून मुंबईतच ठेवले होते. बर्गाशने फ्रियरला नकार दिला. फ्रियर परत गेले. मग आरमाराचा धाक घालून किर्कने ५ जून १८७३ रोजी बर्गाशकडून करारावर सही घेतली. समुद्रमार्गे होणारा गुलामांचा व्यापार बंद झाला आणि बाजाराला कुलूप पडले. गुलामगिरी कायद्याने जायला मात्र १८९७ साल उजाडले.

वानरांपासून निघून वाटाड्या आम्हाला रस्त्याच्या पलीकडे, पेटे या गावाच्या खाडीकडे घेऊन गेला. रस्त्यावर ठिकठिकाणी गतिरोधक होते. पूर्वी भरधाव गाड्यांखाली सापडून बरीच वानरे मरत. हे उंचवटे बांधल्यावर ते पुष्कळ कमी झाले. पलीकडे उतरलो आणि मला एकदम आजोळी आल्यासारखे वाटले.

माझे आजोळ रत्नागिरीकडचे. खाडीच्या कडेला खाजण, आणि त्यात कांदळ, चिपी, तिवर. चिखलात उभी मुळे, भरती आली की झाडे कमरेइतक्या पाण्यात, ओहोटी लागली की खेकड्यांची धावपळ. येथे तेच सारे होते. नुसता भास नव्हे, खरोखर तेच: कमानीसारख्या मुळांवर उभा राहणारा आपला कांदळ आणि खारट पानांचा तिवर, या दोन्ही जाती हिंदी महासागराच्या दोन्ही काठांना आहेत. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. हिरव्या शेंगेसारखा लांब कोंब खाली पडतो, चिखलात रुतला तर तेथेच उभा राहतो, नाही तर पाण्याबरोबर दूर जाऊन जेथे चिखल सापडेल तेथे घर करतो. वाटाड्याने एका जातीचे स्वाहिली नाव ‘म्कान्दा’ असे सांगितले आणि माझे कान टवकारले. पण नुसत्या नादसाम्यावरून इतिहास लिहू नये, असे मी मुलांना नेहमी सांगतो. तेव्हा गप्प बसलो.

खाजणातून फळ्यांचा लांबलचक साकव घातलेला आहे. त्यावरून चालताना वाटाड्याने एका सरळ, मनगटाहून जाड कांदळावर थाप मारली आणि विचारले, “काल रात्री कुठं झोपलात?” मी घराचे नाव सांगितले. “छताकडे बघितलंत? ते हे. बोरिती.”

माझ्या अरुंद खोलीचे कोडे तेथे सुटले. या किनाऱ्यावरील जुन्या घरांची छते कांदळाच्या वाशांवर तोललेली असतात. वासा चिवट, वाळवीला दाद न देणारा. पण जाड दगडी छताचा भार तो अडीच-तीन मीटरांच्या पलीकडे पेलत नाही. म्हणून खोली तेवढीच रुंद. सावकार असो की सुलतान, भिंतींमधले अंतर ठरवले ते खाजणातल्या या झाडाने. आणि ही गोष्ट झांझिबारपुरती नाही. ज्या अरबस्तानात आणि इराणच्या आखातात घरबांधणीला लाकूड नाही, तेथे हे वासे शेकडो वर्षे गलबतांतून जात. दहाव्या शतकातील इस्तख्री या भूगोलकाराने आखातावरील सिराफ बंदराच्या घरांना सागवान आणि झंज देशचे, म्हणजे या किनाऱ्याचे, लाकूड लावल्याचे लिहिले आहे. शेजारच्या केनियाने १९८२ साली कांदळाच्या वाशांची निर्यात बंद केली, तेव्हा कोठे त्या फार जुन्या व्यापाराला बांध पडला.

साकवाच्या टोकाशी आम्ही बसलो. मी वाटाड्याला विचारले, “कांदळ तोडायला बंदी, रान तोडायला बंदी, वर हे माकड तुमच्या बागेत येऊन पाला खातं. गावाला राग येत नाही?”

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला (विद्यार्थ्याने सांगितले ते असे): “लहानपणी मी यांना दगड मारलेत. नारळाची बोंडं खातात म्हणून वडील मारायला सांगायचे. नंतर लोक आले, त्यांनी झाडं मोजली, नारळ मोजले. म्हणाले, माकडं येतात त्या बागेत नारळ कमी होत नाहीत. आम्हाला खरं वाटेना. पण पुढं प्रवेशाच्या पैशातला वाटा गावाला मिळायला लागला. विहीर झाली, शाळेला खोली झाली. माकडाचं विष कमी झालं!” आणि तो प्रथमच मोठ्याने हसला.

नारळांच्या त्या मोजणीचा निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झालेला आहे. वानरे कोवळी बोंडे खातात, पण झाड तशीही बरीच बोंडे गाळतेच. काही गेली की उरलेली पोसतात. २००४ साली जोझानी आणि चवाका उपसागर मिळून सुमारे पन्नास चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान झाले, झांझिबारमधले एकमेव. रानाच्या कडेच्या शेतकऱ्यांना नुकसानीबद्दल आणि गावांना कामांसाठी उत्पन्नातला हिस्सा देण्याची रीत तेथे पडली. २०१९ साली साऱ्या बेटावरील शिरगणती प्रसिद्ध झाली, तेव्हा ही वानरे ५,८६२ भरली. पूर्वीच्या अंदाजाच्या तिपटीहून अधिक. तरीही ती नष्ट होण्याच्या धोक्यात असलेल्यांतच मोडतात. रान आकसले, तशी काही टोळकी चक्क खाजणात राहू लागली आहेत. एरवी या जातीला पाणी क्वचितच लागते, पाल्यातूनच ते मिळते. पण कांदळवनातली वानरे खारट पाला खाऊन वरचेवर पाणी पितात. पानांवर साचलेले, खोडाच्या ढोलीतले. एका संशोधिकेने हे टिपले आणि त्या कांदळवनाला जो शब्द वापरला, त्याचा मराठीत अर्थ होतो ‘शरणस्थान’.

तो शब्द ऐकून माझ्या मनात काहीतरी हलले. काय ते तेव्हा कळले नाही.

कळले तिसऱ्या दिवशी. दगडी शहरात, गुलामांचा बाजार जेथे भरे त्याच जागेवर, एक मोठे चर्च आहे. करार झाला त्याच वर्षी, १८७३ च्या नाताळात, त्याचा पाया घातला. जेथे गुलामांना फटके मारण्याचा खांब होता, तेथे आज वेदी आहे, असे सांगतात. जवळच एका खांबावर लहानसा लाकडी क्रूस लावलेला आहे. तेथला माहितगार म्हणाला, “हे लाकूड लिव्हिंग्स्टनचं हृदय ज्या झाडाखाली पुरलं त्या झाडाचं.” आणि मी कोठून आलो ते कळल्यावर तो सहज म्हणाला, “मग तुमच्या नाशिकच्याच मुलानं तिथं प्रार्थना म्हटली होती.”

मी विद्यार्थ्याकडे पाहिले. त्याने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघेही नाशिकचे, आणि दोघांनाही काही ठाऊक नव्हते.

घरी आल्यावर मी वाचनालय गाठले. हकीकत अशी. इंग्रज आरमाराची जहाजे अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडत, तेव्हा सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरवली जात. त्यांतल्या अनेकांना नाशिकजवळ मिशनऱ्यांनी वसवलेल्या एका वस्तीत आणून ठेवले. तेथे त्यांना लिहावाचायला आणि सुतारकाम, लोहारकाम शिकवत. अनाथांना, निराश्रितांना शरण देणारे गाव, म्हणून त्याचे नाव शरणपूर. मी रोज सायकल मारतो तो रस्ता त्या गावाचा.

१८६५ साली लिव्हिंग्स्टन मुंबईस आला असता, गव्हर्नर फ्रियर यांच्या साहाय्याने त्याने शरणपूरची काही मुले आपल्या अखेरच्या सफरीसाठी बरोबर घेतली. १८७२ साली आणखी काही जण त्याला जाऊन मिळाले. त्यांत जेकब वेनराइट नावाचा तरुण होता. १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातील चितांबो गावी, लिव्हिंग्स्टन वारला. सोबत्यांनी त्याचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले. जेकबने प्रार्थना वाचली आणि खोडावर मृताचे नाव, तारीख आणि काही सोबत्यांची नावे कोरली. स्वतःचे नाव कोरले नाही. मग त्या साऱ्यांनी ते शव मीठ लावून, उन्हात वाळवून, गुंडाळून खांद्यावर घेतले आणि समुद्राकडे चालू लागले. इकडे किर्क सुलतानाची सही घेत होता आणि तिकडे, ज्यांना कधी काळी याच वाटांनी दोरखंड बांधून नेले असेल अशी माणसे, त्याच्या मित्राचे शव वाहून आणत होती. झांझिबारसमोरच्या बागामोयो गावी ती १८७४ च्या फेब्रुवारीत पोचली. जेकब शवाबरोबर इंग्लंडला गेला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीला हात लावणाऱ्यांत हा नाशिकचा विद्यार्थी होता.

पुढे १८७५ साली मोंबासाजवळ सुटलेल्या गुलामांसाठी एक वस्ती झाली. शरणपूर वसवणारे पाद्री प्राइस हेच तिचे संस्थापक, आणि नाशिकला शिकलेले अनेकजण तेथे गेले. वस्तीला नाव मिळाले फ्रियर टाउन. त्यांच्यातला मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोंबासाला हयात होता. त्याचे मूळ नाव चेंग्विम्बे.

वेलिंग्टन हे नाव ऐकले की नेपोलियनला हरवणारा सेनापती आठवतो. चेंग्विम्बे हे नाव ऐकले की एक आई आठवते, संध्याकाळी मुलाला हाक मारणारी. मुलाला वाचवले, त्याला अन्न दिले, विद्या दिली, हातात कसब दिले. हे सारे खरे आणि थोरच. पण हाक मात्र बदलली. वानर वाचले, त्याला नाव किर्कचे. वस्ती झाली, तिला नाव फ्रियरचे. शरण देणाऱ्याचे नाव राहते आणि शरण आलेल्याचे जाते, असा हा जुना रिवाज दिसतो. मला माझी केळी आठवली. आपण देतो ते आपल्या तोंडाला गोड लागते म्हणून देतो. घेणाऱ्याच्या पोटाला ते मानवते की नाही, हे विचारण्याइतके आपण क्वचितच थांबतो. त्या वाटाड्याच्या गावात कोणी तरी थांबले, नारळ मोजले, गावाला वाटा दिला. आणि विषारी म्हणून दगड खाणारे वानर गावाच्या विहिरीचे धनी झाले. शरण द्यायचीच, तर अशी हिशेबाने द्यावी, उपकाराने नव्हे.

दिवाळीची सुटी संपली आणि शाळा भरली. पहिल्याच दिवशी मी इतिहासाच्या तासाला मुलांना विचारले, “शरणपूर रोडला शरणपूर का म्हणतात?” कोणाचा हात वर आला नाही. मी गोष्ट सांगितली. गोष्ट संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे आईबाप बांधकामावर काम करायला दूरच्या जिल्ह्यातून आलेले; वर्गात सारे त्याला त्याच्या गावावरून हाक मारतात, आणि सांगायला लाज वाटते, मीही तशीच मारत होतो. तो म्हणाला, “सर, जेकबचं खरं नाव कोणी विचारलंच नाही का?”

मला उत्तर देता आले नाही. मी हजेरीपट उघडला, त्याचे नाव पाहिले आणि त्याला त्या नावाने खाली बसायला सांगितले. आता सारा वर्ग त्याला त्याच नावाने हाक मारतो.

यंदा लक्ष्मीपूजनाला विडे करताना मी लवंगा मोजून घेतल्या. का, ते मलाही सांगता येणार नाही. प्रत्येक विड्याला एक, याप्रमाणे. एकही जास्त नाही, एकही वाया नाही.